पाठीवरची जत्रा

"घासलेटचा वास कुठून येतोय?" यांनी उशीत तोंड खुपसूनच विचारलं.

"ढेकूण झालेत," मी म्हणाले.

"माझ्या पाठीवर?"

"पलंगात. गप्प पडून राहा, डोळ्यांत जाईल."

माझ्या एका हातात घासलेटची वाटी होती, दुसऱ्या हातात जुन्या परकराची चिंधी, आणि समोर नवऱ्याची पाठ. पाठ म्हणजे पाठीवरचं प्लास्टर. काखेपासून ते पार कमरेच्या खालपर्यंत, पुढून-मागून सगळं बंद. त्या प्लास्टरच्या मागच्या बाजूवर गेल्या अडीच महिन्यांत मी जे काही चितारून ठेवलं होतं, ते सगळं मला तासाभरात पुसून टाकायचं होतं. नऊ वाजता दवाखान्याची गाडी येणार होती आणि डॉक्टर सबनीस आज हे प्लास्टर कापून नवीन घालणार होते.

घासलेटानं काहीही पुसलं जात नव्हतं. मेणाचे खडू नुसते पसरत होते. मोराची निळाई उंटाच्या पायांवर उतरली, कोंबडीचा तुरा फुगून फेट्याएवढा झाला. जितकं घासावं तितकी ती चित्रं जास्तच वेडीवाकडी होऊन माझ्याकडे बघायला लागली. मला घाम फुटला आणि त्याच वेळी हसूही यायला लागलं. मी चिंधी तोंडात कोंबली. तिला घासलेट लागलेलं, मग ठसका.

"काय झालं?" यांनी विचारलं.

"ढेकूण," मी म्हणाले.

ही एकोणऐंशी सालच्या मार्चमधली गोष्ट. आम्ही भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. हे, म्हणजे लीलाधर बऱ्हाटे, मालगाडीवर गार्ड होते. दिवाळीनंतर यांची पाठ दुखायला लागली, मग पाय जड पडायला लागले, आणि डिसेंबरात एका सकाळी पलंगावरून उतरायला गेले ते खालीच बसले. मणक्याचा क्षय निघाला. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, गोळ्या आणि इंजेक्शनं लिहून दिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "तीन महिने बघू. पायांत हालचाल परत आली तर उत्तम. नाही आली तर मुंबईला ऑपरेशन. त्याची खात्री मात्र कुणी देणार नाही, बाई."

आमची चार वर्षांची चारू होती. लहान पोर जवळ नको म्हणून तिला माझ्या आईकडे चाळीसगावला ठेवलं. घरात उरलो आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कान मात्र असे तिखट की शेजारच्या घरात डाळीला फोडणी कशाची दिली ते त्या बसल्या जागी सांगत.

इंजेक्शन द्यायला मी शिकले. अंग पुसायला, भांडं द्यायला, सहा फुटी माणसाला एकटीनं कुशीवर वळवायला शिकले. शिकता आलं नाही ते एकच, यांची शिटी सोसायला. गार्डची शिटी यांनी गळ्यात अडकवली होती आणि तिच्यावर माझी ड्यूटी लावली होती. एक शिटी म्हणजे पाणी. दोन म्हणजे भांडं. तीन म्हणजे कूस बदल. मी कणीक मळत असले तरी शिटी, आंघोळीला बसले तरी शिटी. चौकीदारसुद्धा एकदा धावत आला होता.

जानेवारीतल्या एका सकाळी यांनी खिचडीची ताटली ढकलून दिली. "मीठ कुठाय?" म्हणाले. ताटली माझ्या पायावर पडली. खिचडी भरली, फरशी पुसली, पुन्हा खिचडी टाकली. दुपारी तीन ते पाच यांना पालथं झोपवायचं असे. त्या दिवशी पालथं केल्यावर दोन मिनिटांत हे घोरायला लागले. मी पायथ्याशी बसले होते. समोर ती पांढरीफटक पाठ, चुना दिलेल्या भिंतीसारखी. उशाशी यांच्या ड्यूटीच्या पेटीतली लाल-निळी पेन्सिल पडलेली होती.

मी ती उचलली आणि एक म्हैस काढली. चांगली ऐसपैस, दोन्ही खांद्यांच्या मध्ये. डोक्यावर गार्डची टोपी. तोंडात शिटी. काढता काढता दातओठ खात पुटपुटत होते, "फुंक आता. फुंक ना. फुंक!"

चित्र पुरं झालं, मी मागे सरून बघितलं, आणि माझ्या पोटातून काहीतरी उसळून आलं. मी धावत स्वयंपाकघरात गेले, पदराचा बोळा तोंडात घातला आणि डब्यांच्या फळीला धरून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आत्याबाईंनी बाहेरून विचारलं, "सिंधू, रडतेस का गं?" मी म्हटलं, "कांदा." त्या म्हणाल्या, "कांद्याचा वास नाही आला."

दुसऱ्या दिवशी तीन वाजायची वाट मी बघत होते हे माझ्या लक्षात आलं तेव्हा माझं मलाच नवल वाटलं. लग्नाआधी आमच्या गावात लग्नघरांच्या भिंती मी रंगवायची. हत्ती, घोडे, वऱ्हाड. सात वर्षांत हातात काही धरलं नव्हतं. आता चारूची रंगपेटी काढली. ती संपली तेव्हा नीळ, गेरू, काजळ, हळद.

सुरुवातीला सगळे माझे वैरीच होते. डॉक्टर सबनीसांना मी डास केलं, डोळ्यांवर चष्मा, सोंडेच्या जागी इंजेक्शनची सुई. भेटायला येऊन चिवडा फस्त करणारे आणि 'असल्या आजारात आमचा एक मावसभाऊ गेला' असं सांगणारे यांचे साहेब, त्यांचा टाय घातलेला कावळा झाला. आत्याबाई कोंबडी होऊन लोणच्याच्या बरणीवर अंडं उबवत बसल्या. मग शेजारच्या रझियाभाभीनं एकदा खिडकीतून बघितलं. मला वाटलं, आता गावभर होणार. ती दार ढकलून आत आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि कुजबुजली, "मी कुठं आहे यात?" तिला मोर व्हायचं होतं. मी तिला मोर केलं. मग मोराला शेजारी पाहिजे म्हणून उंट आला, उंटाला माणसं पाहिजेत म्हणून माणसं आली, फुगेवाला, बांगडीवाली, मौत का कुआँ. बघता बघता यांच्या पाठीवर अख्खी जत्रा भरली. यांना काही पत्ता नव्हता. पाठीला डोळे नसतात, आणि उठल्यावर मी वरून सदरा घालून टाकायची.

हे सगळं आज उघड्यावर येणार होतं. लोक हसतील याचं मला फार वाटत नव्हतं. यांना कळेल, याचं वाटत होतं. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला बायकोनं पाठीमागे म्हैस म्हटलं, आणि तेही त्याच्याच पाठीवर.

रझियाभाभी मागच्या दारानं आली. घासलेटाचा गोंधळ बघून तिनं कपाळाला हात लावला.

"चुना मार वरून," ती कानाशी लागून म्हणाली.

"वाळायला वेळ कुठाय?"

"मग राहू दे." ती जरा वेळ पाठ न्याहाळत राहिली. "माझ्या मोराचा सत्यानाश केलास तू, भाभी. काल केवढा देखणा होता."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मी घाईघाईनं सदरा चढवला, तो उलटा चढवला, बटणं पाठीला आली. म्हटलं, चला, तेवढाच पाच बटणांचा आडोसा.

आत्याबाई हट्टानं गाडीत बसल्या. रस्ताभर मी देवाकडे दोन मागण्या करत होते. यांचे पाय हलू देत, आणि डॉक्टरांचा चष्मा आज घरी राहू दे. खरं सांगायचं तर त्या घटकेला दुसरी मागणीच जास्त कळकळीची होती.

प्लास्टरच्या खोलीत सुपडूदादा नावाचे एक वयस्क कामगार होते. त्यांनी यांना टेबलावर पालथं घातलं. आत्याबाईंना कोपऱ्यात स्टूल दिलं. डॉक्टर आले. चष्मा होता.

"सदरा उलटा कसा?" ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच बटणं काढली. पहिलं. दुसरं. तिसऱ्याला त्यांचा हात थांबला.

सुपडूदादा मोठी कात्री घेऊन पुढे आले, वाकले, आणि कात्री तशीच हातात ठेवून उभे राहिले. डॉक्टरांनी सदरा पूर्ण बाजूला केला. चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला. डाव्या खांद्यापासून बघायला सुरुवात केली आणि अगदी सावकाश उजवीकडे येत गेले. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. भिंत मला आत घेईल तर बरं, असं वाटत होतं.

"हा डास," डॉक्टर शेवटी म्हणाले, "ओळखीचा वाटतो."

मी नजर फरशीवर खिळवली.

"चष्मा माझाच आहे," ते म्हणाले.

सुपडूदादांच्या नाकातून फस्सकन आवाज निघाला. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं, पण खांदे हलत होते. मग डॉक्टरच हसले. मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. उचकी लागल्यासारखं हसायचे ते. बाहेरून एक सिस्टर डोकावली, ती आत आली, तिनं दुसरीला हाक मारली. "अगं बाई, पाळणा बघ! अगं, कावळ्याला टाय!" पाच-सहा माणसं माझ्या नवऱ्याच्या पाठीभोवती जत्रेतल्या दुकानाभोवती जमावीत तशी जमली.

आणि हे पालथे. तोंड खाली. मी यांच्याकडे बघितलं तर मानेच्या शिरा ताठलेल्या आणि डोकं बारीक बारीक हलत होतं. रडताहेत. सगळ्या लोकांसमोर मी यांना रडवलं.

"अहो," मी जवळ जाऊन म्हणाले, "माझं चुकलं. मी रागात काढलं होतं. सकाळी पुसायचा प्रयत्नही केला..."

यांनी मान वळवली. डोळे पाण्यानं भरलेले, चेहरा लालभडक.

"डॉक्टर," हे म्हणाले आणि आवाज फुटेना म्हणून पुन्हा म्हणाले, "डॉक्टर, कापताना जरा म्हशीला सांभाळा."

मला आधी कळलंच नाही. सगळे हसले तेव्हासुद्धा कळलं नाही. मग हळूच कळलं. म्हशीचं यांना कुणी सांगितलं होतं?

"तुम्हाला कसं माहीत?"

"फुंक आता, फुंक ना, फुंक," हे म्हणाले. माझ्याच आवाजात.

"तुम्ही झोपला होता!"

"एवढं कडक प्लास्टर, त्यावर पेन्सिल. आत माझ्या बरगड्यांत घुमत होतं गं. ढोलात बसल्यासारखं. कोण झोपेल?" हे धापा टाकत हसत होते. "चार पाय मोजले. मग दोन शिंगं. पहिल्यांदा वाटलं बैल असेल, पण रझियाभाभी म्हैस म्हणून कुजबुजली. बैल असता तर बरं, म्हटलं."

"आणि घोरत होता ते?"

"घोरणं बंद केलं असतं तर तू थांबली असतीस."

सत्तर दुपारी. सत्तर दुपारी हा माणूस पालथा पडून खोटं खोटं घोरत होता. कधी पाणी हवं असेल, कधी भांडं हवं असेल, पण तीन ते पाच एकदाही शिटी वाजली नव्हती. हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

"सांगायचं नाही का?" मी म्हणाले.

"सांगितलं असतं तर म्हैस गेली असती. आणि तू गुणगुणायची ते गेलं असतं." यांनी मान पुन्हा खाली घातली. "दिवसातून तेवढंच तर घरात कुणी गुणगुणत होतं."

डॉक्टरांनी खोकून सगळ्यांना बाहेर घालवलं. सुपडूदादांनी दोन्ही कडांनी कापलं, मागची बाजू अखंड उचलून खिडकीशी उभी करून ठेवली. मग डॉक्टरांनी यांना उताणं केलं, पायांशी उभे राहिले आणि म्हणाले, "उजवा पाय. उचला."

खोलीतलं हसू एका क्षणात आटलं. आत्याबाईंचं जपाचं पुटपुटणं तेवढं ऐकू येत होतं. यांनी डोळे मिटले. कपाळावर घाम आला. मी त्या पायाकडे असं बघत होते की जणू मीच तो उचलायचा आहे. अंगठा हलला. मग टाच. टेबलापासून दोन बोटं, फार तर तीन, वर आली आणि थरथरत तिथं राहिली.

"डावा."

डावा एकच बोट आला. पण आला.

डॉक्टरांनी यांच्या तळव्यावरून किल्ली ओढली, गुडघ्यावर ठोकलं, काहीतरी लिहिलं. आम्ही तिघं वाट बघत होतो. "मुंबईचं तिकीट सध्या काढू नका," ते म्हणाले. "औषध लागू पडतंय. अजून सहा-आठ महिने लागतील, पण बऱ्हाटे, तुम्ही चालाल."

मी रडले नाही. आत्याबाई रडल्या, त्यांच्या पद्धतीनं मोठ्यानं. माझं मात्र डोकं असं हलकं झालं की उभं राहता येईना. जत्रेतल्या पाळण्यातून उतरल्यावर जमीन हलते, तशी हलत होती.

नवं प्लास्टर घालायला यांना दोन टेबलांच्या मध्ये कापडाच्या झोळीत पालथं टांगलं. सुपडूदादा ओल्या पट्ट्या देत होते, डॉक्टर गुंडाळत होते. "आता दहा मिनिटं हलायचं नाही," ते म्हणाले. "सुकेपर्यंत बोलायचं नाही, आणि हसायचं तर अजिबात नाही."

तीन महिन्यांत कुणी आम्हाला इतकी अवघड गोष्ट सांगितली नव्हती.

एक मिनिट बरं गेलं. मग कोपऱ्यातून आत्याबाईंनी डोळे पुसत विचारलं, "सिंधू, त्या चित्रात मी आहे का गं?"

मी डॉक्टरांना खुणेनं बरणीवरची कोंबडी दाखवली. डॉक्टरांनी खिडकीशी ठेवलेल्या प्लास्टरकडे बघितलं.

"आहात ना, आजी," ते म्हणाले. "तुम्ही उंचावर बसला आहात. फेटा बांधून."

"फेटा?" आत्याबाई खूश झाल्या. "म्हणजे घोड्यावर असेन."

झोळी हलायला लागली.

"बऱ्हाटे!" डॉक्टर ओरडले.

"मी काही नाही केलं," हे दातांतून म्हणाले. मग थोडं थांबून, "सिंधू, एक सांग. बाकी सगळं मला ऐकून कळलं. एक नाही कळलं. होळीच्या आधी एकदा तू नुसतं गोल गोल काढत होतीस. फार वेळ. त्या दिवशी गुणगुणत पण नव्हतीस. ते काय होतं?"

मला वाटलं होतं ते कुणी विचारणार नाही. त्या दिवशी चाळीसगावहून पत्र आलं होतं, चारू रात्री बाबांना हाका मारते म्हणून. त्या दिवशी मला कुणाचाच राग आला नव्हता.

"पाळणा," मी म्हणाले. "जत्रेतला मोठा. सगळ्यात वरच्या पाळण्यात आपण दोघं आहोत."

"म्हैस आणि कोण?"

"म्हैस नाही. तुम्ही. टोपी घातलेले."

पट्ट्यांचं पाणी खाली परातीत ठिबकत होतं.

"वर अडकलोय का आपण?" यांनी हळूच विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "थांबलाय फक्त. खाली माणसं चढताहेत."

यांनी नाकानं लांब श्वास घेतला. मला वाटलं आता खरंच रडणार. "त्या माणसांत," हे म्हणाले, "आमचे साहेब असतील तर पाळणा मोडेल," आणि झोळीतच असे हसत सुटले की सुपडूदादांनी टेबल धरलं. मीही सुटले. डॉक्टर "अहो, ओलं आहे! ओलं आहे!" म्हणत यांच्या बरगड्यांभोवती हात आवळून उभे होते आणि स्वतः उचक्या देत होते. आत्याबाई विचारत होत्या, "काय झालं? घोडा पडला का?"

त्या प्लास्टरमध्ये छातीशी चांगली तीन बोटं जागा राहिली. डॉक्टरांनी टिचकी मारून बघितलं, मान हलवली. "हसताना सुकलंय. पुन्हा घालायला हवं खरं तर."

"राहू द्या," हे म्हणाले. "यात श्वास पुरतो."

हे दसऱ्याला काठी घेऊन अंगणात उतरले. गार्डची नोकरी पुन्हा झाली नाही, पार्सल ऑफिसात बसायचं काम मिळालं. पुढे एकोणीस वर्षं ते केलं, चारूचं लग्न केलं, तिची मुलं खांद्यावर घेतली. शिटी चारूच्या मोठ्यानं हरवली. पण हे सगळं नंतरचं.

प्लास्टर बदलल्यानंतर दोन दिवस ते उन्हात वाळवायचं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता मी यांना पालथं केलं, गेरू कालवला, काडीला कापूस गुंडाळला आणि पलंगाशी बसले. पाठ कोरी पांढरी. माझा हात काही उठेना. आता हे जागे आहेत, कान देऊन आहेत, हे मला ठाऊक होतं. चारचौघांत गाणं म्हणायला सांगितल्यावर व्हायचं तसं झालं. पाच मिनिटं गेली. गेरू वाटीत वाळायला लागला.

"काय झालं?" यांनी विचारलं.

"तुम्ही जागे आहात."

"छे. कुठं?"

आणि यांनी घोरायला सुरुवात केली. आधीसारखं साधं नाही. इंजिनाला चढावर वाफ कमी पडावी तसं, मध्येच शीळ घालत, मध्येच अडकत. खिडकीत बसलेला कावळा उडून गेला.

"लीलाधर झोपला का गं?" आतून आत्याबाईंनी विचारलं.

मी काडी गेरूत बुडवली.

"हो आत्याबाई," मी म्हणाले. "गाढ."